हॅरिससाहेबांचा पूल आणि रस्त्यावरचा हक्क

पुण्याहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघालेला प्रवासी बोपोडी मागे टाकून मुळा नदी ओलांडतो आणि दापोडीत उतरतो. ज्या पुलावरून तो उतरतो, त्याला स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही हॅरिस पूल असेच म्हणतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांमधला हा उंबरठा. एका अंगाला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, दुसऱ्या अंगाला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, शेजारून लोहमार्ग आणि आता मेट्रो. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की हा रस्ता माणसांनी तुंबतो. येथे कोणी वाट अडवली तर आजारी माणसाला वळसा घालून नेण्यास सोयीची दुसरी वाट सहजी सापडत नाही. त्यामुळे रस्ता कोणाचा, मैदान कोणाचे आणि त्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद दापोडीकराला परिसंवादात जाऊन ऐकावा लागत नाही. तो त्याच्या दाराशी येतो.

या वादाचा विचार करताना पुलावरच्या नावापाशी क्षणभर थांबणे अगत्याचे आहे. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्याआधी ते इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते. भारतात क्रिकेट रुजवणारा उदार राज्यकर्ता अशी त्यांची प्रतिमा आंग्लाळलेल्या लेखकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. मुंबईतील शालेय स्पर्धेच्या ढालीला त्यांचे नाव आहे. दापोडीशी गव्हर्नरांचा संबंध तर आणखी जुना. सर जॉन माल्कम यांच्या काळापासून गणेशखिंडीतला प्रासाद उभा राहीपर्यंत मुंबईच्या गव्हर्नरांचे पुण्यातले निवासस्थान याच दापोडीत होते. राज्यकर्ता नदीकाठच्या बागेत आणि प्रजा रस्त्यावर, ही रचना या गावाने जवळून पाहिलेली आहे.

क्रिकेट येथे रुजले कसे, याचा खरा इतिहास मात्र त्या प्रतिमेपेक्षा वेगळा आहे. मुंबईच्या किल्ल्याबाहेरच्या विस्तीर्ण एस्प्लनेड मैदानाच्या ज्या भागात पारशी आणि हिंदू तरुण क्रिकेट खेळत, तेथेच गोरे साहेब पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडल्या जात. बॉम्बे जिमखान्याचे स्वतःचे मैदान कुंपणाने राखलेले, तेथे एतद्देशीयाला प्रवेश नाही. आणि एतद्देशीयांच्या वाट्याला आलेल्या जागेवर मात्र साहेबाच्या घोड्याला मुक्तद्वार. १८८१ मध्ये एतद्देशीय खेळाडूंनी सरकारकडे रीतसर अर्ज केला. सरकारने प्रथम त्यांची बाजू मानली, पण हा न्याय फार काळ टिकला नाही. जिमखान्याने कळ फिरवताच घोडे मैदानावर परतले. अर्ज आणि विनंत्यांचा हा झगडा वर्षानुवर्षे चालला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने पुढे त्यावर ग्रंथच लिहून ठेवला. याचा अर्थ एवढाच की, मुंबईच्या मैदानावरचा पहिला भारतीय खेळाडू आणि पहिला निदर्शक हे एकच होते. खेळण्यासाठी त्याला आधी भांडावे लागले. खेळ ही सभ्य लोकांची गोष्ट आणि आंदोलन ही रिकामटेकड्यांची, असे आज वातानुकूलित खोलीतून सांगणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नसावा.

या झगड्याचा शेवट सरकारने आपल्या पद्धतीने केला. समुद्राकाठी पारशांना वेगळा, हिंदूंना वेगळा, मुसलमानांना वेगळा जिमखाना दिला गेला. मैदानाचा प्रश्न होता. उत्तर मिळाले ते जमातवार विभागणीचे. त्या विभागणीवर उभ्या राहिलेल्या स्पर्धा १९४६ पर्यंत चालल्या आणि देशाची फाळणी होण्याच्या जेमतेम आधी बंद पडल्या.

हॅरिससाहेबांच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका प्रसंग ऑगस्ट १८९३ मधला. मुंबईत भीषण दंगल पेटली. माणसे मारली गेली, बाजार बंद पडले, लष्कर रस्त्यावर उतरले. इलाख्याचे गव्हर्नर तेव्हा गणेशखिंडीत होते आणि क्रिकेटच्या सामन्यांत रमले होते. ते मुंबईत परतले ते दंगलीच्या नवव्या दिवशी. आणि तेही मुख्यत्वे एका क्रिकेट सामन्याला हजर राहण्यासाठी, असे इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. नगर जळत असताना सामना चुकू नये याची काळजी घेणाऱ्या या गृहस्थाच्या नावाचा पूल लाखो माणसे आजही रोज ओलांडतात!

लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या पक्षपाती धोरणाचा समाचार घेतला. पण ते नुसते लिहून थांबले नाहीत. घराघरातला गणपती त्यांनी चौकात आणला. ज्या रस्त्यावर हिंदू समाज भयभीत होऊन दारे लावून बसला होता, त्याच रस्त्यावर तो वाजतगाजत, पण संघटितपणे उतरला. मेळे, व्याख्याने, मिरवणुका, आखाड्यांतल्या तरुणांचे खेळ असे सारे एकाच मांडवाखाली आले. सार्वजनिक जागा राज्यकर्त्याच्या कृपेने मिळत नाही, ती समाजाने शिस्तीने कमवावी लागते, हे लोकमान्यांनी जाणले होते.

हॅरिससाहेब गेले, पण ती वृत्ती दिल्लीच्या सचिवालयांत सुखेनैव नांदत राहिली. १७ एप्रिल २००८ हा दिवस आठवावा. बीजिंग ऑलिम्पिकची ज्योत राजधानीत येणार होती. महिनाभरापूर्वीच ल्हासामध्ये चिनी सत्तेने तिबेटी जनतेचा उठाव चिरडला होता. लंडन आणि पॅरिस येथे तिबेटच्या समर्थकांनी ज्योतीच्या वाटेवर निषेध केला, सॅन फ्रान्सिस्कोत तर ऐनवेळी मार्ग बदलावा लागला. पण तेथे निदान रस्ते लोकांसाठी खुले होते. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने काय केले? राजपथाचा किल्ला केला. नऊ किलोमीटरांची नियोजित दौड अडीच किलोमीटरांच्या आत आवळली गेली. राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंत हजारो पोलीस उभे राहिले आणि सामान्य दिल्लीकराला आपल्याच राजधानीच्या मध्यभागी उभे राहण्याची मनाई झाली. प्रेक्षक नसलेली क्रीडादौड! ती कोणासाठी होती? बीजिंगच्या मर्जीसाठी, एवढेच त्याचे उत्तर आहे.

त्या दिवशी या देशाची लाज राखली ती सरकारने नव्हे. भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार बायचुंग भुतिया याने तिबेटी जनतेच्या वेदनेपोटी ज्योत वाहण्यास आधीच नकार दिला होता. किरण बेदी यांनीही पिंजऱ्यात धावणे नाकारले. आणि तिबेटी निर्वासितांनी काय केले? त्यांनी बसगाड्या जाळल्या नाहीत, दुकाने फोडली नाहीत. राजघाटावर प्रार्थना करून स्वतःची ज्योत पेटवली आणि ती घेऊन ते जंतरमंतरकडे धावले. एकाच शहरात, एकाच दिवशी दोन दौडी झाल्या. एकीजवळ बंदुकांचा पहारा होता, दुसरीजवळ लोक होते. ज्यांनी देश गमावला आहे ते पाहुणे यजमानापेक्षा सभ्य निघाले.

याच्या शेजारी ११ ऑगस्ट २०१२ चे चित्र ठेवून पाहावे. रझा अकादमी आदी संघटनांची सभा मुंबईच्या आझाद मैदानावर भरली. निमित्त आसाम आणि म्यानमारमधल्या घटनांचे. सभेतला जमाव बाहेर पडला आणि त्याने पोलिसांवर हल्ला केला, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या पेटवल्या, महिला पोलिसांची विटंबना केली आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसजवळचे अमर जवान स्मारक लाथा घालून फोडले. दोघांचा मृत्यू झाला, पन्नासहून अधिक जखमी झाले, त्यांत पोलीसच बहुसंख्य. तिबेटी भिक्षूंना राजपथापासून दूर ठेवण्यास ज्यांना हजारोंचा बंदोबस्त कमी वाटत होता, त्यांच्याच पक्षाच्या राज्य शासनाला येथे ‘संयम’ हा शब्द सापडला. प्रश्न जमावाच्या धर्माचा नाही. सर्वच समाजांत शांतताप्रिय माणसे बहुसंख्य असतात आणि त्या दिवशीच्या गुंडगिरीचा त्यांनाही त्रासच झाला. प्रश्न शासनाच्या तराजूचा आहे. एका निदर्शकाची घोषणाही सहन होत नाही आणि दुसऱ्याची लाथही सहन होते, ती मतपेढीकडे पाहून, तेव्हा कायद्याचे राज्य उरत नाही.

हे आझाद मैदान म्हणजे त्याच जुन्या एस्प्लनेडचा तुकडा. घोड्यांच्या टापांविरुद्ध अर्ज करणाऱ्यांचे हे मैदान. १९३० च्या सविनय कायदेभंगात येथे सत्याग्रह्यांनी लाठ्या खाल्ल्या. येथेच फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, आणि ती स्पर्धा होती हॅरिस ढालीची. मैदानावर एकमेकांना चिकटून बावीस खेळपट्ट्या आहेत आणि एका कडेला कुंपणापलीकडे आंदोलकांची जागा. न्यायालयाच्या आदेशाने मुंबईतले मोर्चे गेली अनेक वर्षे येथेच विसावतात. एस.टी.च्या कर्मचाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत विलीनीकरणाच्या मागणीसाठी याच जागेवर ठाण मांडले. ज्या एस.टी.च्या गाड्या दापोडीच्या कार्यशाळेत घडतात, तिचा वाहक पाच महिने तेथे उपाशीपोटी बसला होता आणि कुंपणापलीकडे मुले चेंडूफळी खेळत होती. ना त्याने त्यांची खेळपट्टी उखडली, ना त्यांनी त्याचा मांडव. महानगरात दोन हक्क शेजारी शेजारी नांदू शकतात, याला यापेक्षा साधा पुरावा कोणता हवा?

प्रामाणिकपणाची मागणी अशी की, विरोधकाचे चांगले तेही सांगावे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा लाल बावट्याखाली होता. त्या बावट्याने या देशात काय काय केले, केरळपासून बंगालपर्यंत किती स्वयंसेवकांचे रक्त सांडले, हे या पानांच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही ११ मार्चच्या रात्री शीवच्या मैदानावर पोहोचलेले ते रक्ताळलेल्या पायांचे वनवासी शेतकरी विश्रांती न घेता पुन्हा चालू लागले आणि पहाटेपूर्वी आझाद मैदानावर पोहोचले, कारण सकाळी दहावीची परीक्षा होती आणि कोणाच्या लेकराची वाट अडू नये अशी त्यांची इच्छा होती. हे संस्कार मार्क्सच्या पोथीतले नव्हेत. ते या मातीचे आहेत.

आणि हीच कसोटी स्वकीयांनाही लावली पाहिजे. ऑक्टोबर १९९१ मध्ये पाकिस्तानी संघाचा दौरा तोंडावर असताना शिवसैनिकांनी वानखेडे मैदानाची खेळपट्टी उखडली. दौरा रद्द झाला. १९९९ च्या जानेवारीत दिल्लीच्या कोटला मैदानावर तोच प्रकार घडला. संताप खोटा नव्हता. काश्मीर खोऱ्यातून लाखो हिंदू परागंदा झाले होते, त्यांच्या घरांची राख थंड झाली नव्हती, आणि नियामक मंडळाला तिकिटांच्या विक्रीची चिंता पडली होती. तरीही खेळपट्टी ही पाकिस्तानची नव्हती. ती मुंबईच्या माळ्याने पाणी घालून, रोलर फिरवून वाढवलेली होती. शंभर वर्षांपूर्वी ज्या टापांविरुद्ध या नगराने अर्ज केले, त्या टापा आपल्याच कुदळीच्या रूपाने परत आल्या, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. प्रेक्षागारे रिकामी ठेवण्याचे आवाहन केले असते, वानखेडेच्या दारापाशी विस्थापित पंडितांची कुटुंबे आणून बसवली असती, तर तो सामना जगाने वेगळ्या डोळ्यांनी पाहिला असता.

मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आझाद मैदानावर आलेल्या जनसागराचेही असेच. २९ ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत टर्मिनसच्या परिसरात माणूसच माणूस होता. खेड्यातून आलेल्या या तरुणांना पिण्याचे पाणी आणि प्रसाधनाची सोय मिळण्यात अडचणी आल्या, हे शासनाचे अपयश. पण रस्त्याच्या मधोमध कबड्डी आणि क्रिकेटचे डाव रंगले, वाहने खोळंबली आणि अखेरीस उच्च न्यायालयाला रस्ते मोकळे करण्याचे खडे बोल सुनवावे लागले, हे आंदोलकांचे अपयश. मागणी न्याय्य की अन्याय्य, हा स्वतंत्र विषय आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत मुंबईकराने पाहिले ते हे की, मैदान मागायला आलेल्याला मैदान पुरले नाही आणि मग त्याने रस्त्याचे मैदान केले. ७ ऑक्टोबर २०२० रोजी शाहीनबागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळासाठी अडवून ठेवता येणार नाही. तो निकाल आला तेव्हा ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी तो आपल्या माणसांच्या बाबतीतही वाचला पाहिजे.

अशा वेळी काही मंडळी घाईने म्हणतात की निदर्शनांवर सरसकट बंदीच घालावी. या पानांच्या वाचकाला ही भाषा परवडणारी नाही. आणीबाणीत या देशातला एकही चौक निदर्शकाला मोकळा नव्हता. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्याच्या कारागृहात होते आणि पुण्या-चिंचवडातले शेकडो स्वयंसेवक दोन मिनिटांच्या घोषणेसाठी चौकात उभे राहत, पकडले जात आणि घरी बायकामुलांना कधी भेटू हे ठाऊक नसताना गाडीत चढत. आज ज्यांची मुले सुस्थितीत आहेत आणि रास्ता रोकोमुळे कार्यालयात पोहोचायला उशीर झाला म्हणून चडफडत आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या वडिलांनी त्या घोषणेची किंमत मोजलेली आहे.

उलट बाजूचा दांभिकपणाही पाहण्यासारखा आहे. मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन धावते. पुण्यात तर १९८३ पासून. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून आंतरराष्ट्रीय दर्जाची सायकल शर्यत झाली. त्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले आणि शर्यतीच्या वेळी ते बंदही राहिले. चांगलेच झाले. तरुणांनी धावावे, सायकली चालवाव्यात, त्यांना रस्ता मिळावा. पण ज्या इंग्रजी दैनिकांना या दिवशी ‘शहराचा उत्साह’ दिसतो, त्यांनाच आषाढात पालखी आली की ‘वाहतुकीचा खोळंबा’ दिसतो, गणपतीत ‘ध्वनिप्रदूषण’ दिसते आणि पथसंचलनात ‘शक्तिप्रदर्शन’ दिसते. प्रायोजकाचे नाव छातीवर असले की रस्ता बंद करणे आधुनिक ठरते आणि कपाळावर बुक्का असला की मागास, हा न्याय कोणत्या संविधानातला?

संत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते तेव्हा पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी करीत ती याच दापोडीतून, याच हॅरिस पुलावरून नदी ओलांडते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला, तेव्हा हॅरिससाहेबांच्या पूर्वजांचे राज्य या भूमीवर आलेले नव्हते. लाखो माणसे, शेकडो दिंड्या. कोणत्या दिंडीचा क्रमांक कोणता, ती रथाच्या पुढे की मागे, हे ठरलेले. कोणत्या दिवशी पालखी कोठे असेल, हे गावोगावच्या अडाणी म्हातारीलाही आधीच ठाऊक. वारकरी रस्ता अडवून बसत नाही. तो चालत राहतो, आणि त्याच्या मागे रस्ता मोकळा होत जातो. खेळाला त्याने कधी परके मानले नाही. पुढे रिंगणात अश्व धावतो, टाळकरी धावतात, फुगड्या होतात, सत्तरीचा म्हातारा हुतूतू खेळतो. मिरवणूक, गाऱ्हाणे आणि खेळ एकाच वाटेवर कसे मावतात, हे पाहण्यासाठी दापोडीकराला कोणत्याही पाश्चात्त्य नगररचनाकाराच्या व्याख्यानाला जाण्याचे कारण नाही. दुपारी पूल ओलांडून गेलेल्या सोहळ्याचे नाव घेऊन संध्याकाळी तेथून पुन्हा कामगारांच्या बसगाड्या धावू लागलेल्या असतात.

वारीच्या या शिस्तीत तीन गोष्टी उघड दिसतात: आधी सांगणे, ठरल्या वाटेने जाणे आणि वेळेत वाट मोकळी करणे. शर्यतीच्या संयोजकाला आणि मोर्चाच्या नेत्याला, दोघांनाही त्या सारख्याच लागू व्हाव्यात. प्रायोजक मोठा म्हणून शर्यतीला रात्रीतून परवानगी आणि कामगार गरीब म्हणून मोर्चाला महिनाभर खेटे, हे चालू नये. जमाव मोठा म्हणून त्याला नियम माफ, हेही चालू नये. ज्याने नुकसान केले त्याच्याकडून ते वसूल व्हावे, मग त्याच्या हातात कोणताही झेंडा असो.

आणि महापालिकेच्या दारातला प्रश्न महापालिकेलाच विचारला पाहिजे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार सतरा लाखांहून अधिक लोक राहत होते. आशिया खंडात नाव झालेली ही उद्योगनगरी कामगारांच्या घामावर उभी आहे. कारखाना बंद पडलेला कामगार, हक्काचे पाणी मागणारी गृहिणी, वेतनासाठी आलेला शिक्षक आजही पिंपरीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुतळ्याच्या चौकात येऊन उभा राहतो, आणि तो चौक याच जुन्या महामार्गावर आहे. त्याच्या घोषणा आणि बसगाड्यांचे भोंगे एकमेकांत मिसळतात. मे २०२५ मध्ये शहराच्या सुधारित विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले. आळंदीच्या वाटेवर मोशीला कत्तलखान्याचे आरक्षण पडले, वारकऱ्यांनी आवाज उठवला आणि मुख्यमंत्र्यांना ते रद्द करण्याची घोषणा करावी लागली. हजारो हरकती नोंदवल्या गेल्या. कोणाचे घर जात होते, कोणाची शेती. त्या हजारोंत क्रीडांगण मागणारे असतील, उद्यान मागणारे असतील. बसून गाऱ्हाणे मांडण्यासाठी सावलीची, पाण्याची, महिलांसाठी प्रसाधनगृहाची सोय असलेले, रस्त्याला न लागणारे, पण महापालिकेच्या खिडकीतून दिसेल असे एक मैदान कितीजणांनी मागितले? प्रभागाप्रभागांतल्या कार्यकर्त्यांनी ते आता मागावे. जागा शोधून, नकाशावर खूण करून, लेखी मागावे. आणि त्याच मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मुलांसाठी खेळपट्टी मागावी.